उष्ण झऱ्यावरील माकडे आणि गावचे वानर
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी परिसर अभ्यासाचा पाठ)

वानर ठाऊक नाही असा मुलगा वऱ्हाडातील प्राथमिक शाळेत शोधूनही सापडावयाचा नाही. मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार व त्याच्या आसपासची खेडी घ्या. चिंच, कडुलिंब, वड, पिंपळ यांच्या शेंड्यांवर वानरांची टोळी उतरली की वर्गातील सारे डोळे खिडकीकडे वळतात आणि फळ्यावरील गणित काही काळ तसेच राहते. कोणी दगड उचलतो, कोणी डब्यातील पोळीचा तुकडा भिरकावतो, कोणी मारुतीचे नाव घेऊन हात जोडतो. या तिन्ही गोष्टी नित्य घडतात. चौथी गोष्ट मात्र क्वचितच घडते, ती म्हणजे त्या प्राण्याकडे शांतपणे पाहणे व जे दिसले ते लिहून ठेवणे. प्रस्तुत पाठाचा हेतू ही चौथी गोष्ट मुलांच्या अंगवळणी पाडणे हा आहे. त्यासाठी आरंभी जपान देशातील माकडांची हकीकत सांगावी व तिच्या आधारे मुलांस आपल्या गावच्या वानरांकडे आणावे.

१. नरकदरीतील कुंड

जपानच्या नागानो प्रांतात डोंगरांच्या कुशीत एक अरुंद दरी आहे. समुद्रसपाटीपासून ती सुमारे ८५० मीटर उंच आहे. तेथे जमिनीतून उकळते पाणी व वाफ बाहेर पडते, म्हणून लोकांनी तिला ‘जिगोकुदानी’ म्हणजे ‘नरकाची दरी’ असे नाव दिले. वर्षातील सुमारे एकतृतीयांश काळ ही दरी बर्फाखाली असते. अशा ठिकाणी आखूड शेपटीची, दाट केसांची, लाल तोंडाची जपानी माकडे राहतात. मनुष्य वगळता वानरवर्गातील दुसरा कोणताही प्राणी इतक्या उत्तरेस आढळत नाही. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकापर्यंत या माकडांची वस्ती आहे.

ही माकडे ऊन पाण्यात स्नान करतात हे आज जगभर माहीत आहे. परंतु ही सवय त्यांस उपजत नव्हती, हे मुलांस अवश्य सांगावे. डोंगरावरील त्यांच्या जागा मनुष्याच्या कामांनी व्यापल्या, तेव्हा माकडे खाली उतरली आणि सफरचंदांच्या बागांत शिरू लागली. बागाईतदार संतापले. त्या वेळी हारा सोगो नावाच्या गृहस्थांनी माकडांना दरीतच अन्न घालून बागांपासून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला. त्यातूनच १९६४ साली तेथील माकड उद्यान स्थापन झाले. तत्पूर्वी, १९६३ च्या सुमारास, दरीतील एका पांथशाळेच्या उघड्या कुंडात एक लहान मादी उतरली. तिचे पाहून दुसरी पिले उतरली आणि हळूहळू ती टोळीची रीत झाली. माणसांच्या कुंडात माकडे नाहू लागल्याने स्वच्छतेचा प्रश्न उभा राहिला, म्हणून त्यांच्यासाठी निराळे कुंड बांधण्यात आले.

हे स्नान निव्वळ खेळ आहे की त्याचा काही उपयोग होतो, याचा शोध क्योतो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी घेतला व तो २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी १२ प्रौढ माद्यांच्या स्नानाची नोंद ठेवली आणि त्यांच्या विष्ठेतील, शरीरावरील ताण दर्शविणाऱ्या द्रव्याचे प्रमाण मोजले. हिवाळ्यात ज्या आठवड्यांत मादी स्नान करी, त्या आठवड्यांत ताणाचे प्रमाण कमी आढळले. टोळीत ज्यांचा मान मोठा, त्या माद्यांस कुंडात अधिक वेळ मिळे, असेही दिसून आले. पाहणाऱ्याने प्राण्यास हात लावला नाही, पकडले नाही, पिंजऱ्यात घातले नाही. तरीही हे ज्ञान मिळाले. मुलांना हा मुद्दा विशेष करून पटवून द्यावा.

२. बेटावरील शिक्षिका

याहून अधिक महत्त्वाची, व शिक्षकांस तर अगदी जवळची वाटावी अशी, दुसरी हकीकत आहे. जपानच्या दक्षिणेस मियाझाकी प्रांताच्या किनाऱ्यालगत कोशिमा नावाचे लहानसे बेट आहे. तेथील माकडांचा अभ्यास १९४८ पासून सुरू झाला. इमानिशी किंजी हे त्या अभ्यासाचे प्रवर्तक. या अभ्यासकांची पद्धत त्या काळी नवीन होती. ते प्रत्येक माकडास चेहऱ्यावरून ओळखीत, त्यास नाव देत आणि त्याची आई कोण, भावंडे कोण, टोळीत त्याचे स्थान काय, हे वर्षानुवर्षे नोंदीत. युरोप-अमेरिकेतील पंडितांस प्राण्याला नाव देणे हे शास्त्रास न शोभणारे वाटे. पुढे मात्र हीच रीत सर्वत्र रूढ झाली.

माकडे मोकळ्या जागी यावीत व नीट दिसावीत म्हणून १९५२ पासून अभ्यासक त्यांच्यासाठी किनाऱ्यावर रताळी टाकीत. रताळ्यांना वाळू लागे. १९५३ च्या सप्टेंबरात सुमारे दीड वर्षाची एक मादी रताळे घेऊन पाण्याकडे गेली, तिने ते पाण्यात बुडविले, हाताने चोळले आणि मग खाल्ले. हे प्रथम पाहिले ते कोणा विद्यापीठाच्या प्राध्यापकाने नव्हे. ते पाहिले सात्सुए मितो नावाच्या स्थानिक शाळाशिक्षिकेने. अभ्यासकांस साहाय्य करता करता त्या स्वतः माकडांकडे नित्य पाहत असत. त्या लहान मादीचे नाव ‘इमो’ असे पडले. जपानी भाषेत इमो म्हणजे रताळे.

इमोचे पाहून तिच्या सोबतची पिले रताळी धुऊ लागली. तिची आईही शिकली. १९५८ सालापर्यंतची नोंद अशी आहे की, २ ते ७ वर्षे वयाच्या १९ माकडांपैकी १५ जणांस ही कला आली होती. त्याहून मोठ्या ११ प्रौढांपैकी मात्र केवळ दोघांस. हे आकडे इयत्ता पाचवीच्या शेकडेवारीच्या तासास घ्यावेत. मुले स्वतःच काढतील की, लहानांत शेकडा सुमारे ७९ जण शिकले आणि मोठ्यांत शेकडा सुमारे १८. नवी गोष्ट आधी कोण शिकते, याचे उत्तर त्यांस गणितातूनच मिळेल.

१९५६ साली याच इमोने आणखी एक युक्ती काढली. वाळूत पडलेले गहू एकेक वेचण्याऐवजी तिने वाळूसकट मूठभर गहू पाण्यात टाकले. वाळू तळाशी गेली, गहू वर तरंगले आणि तिने ते गोळा करून खाल्ले. वर्गात पाण्याने भरलेल्या परातीत हा प्रयोग करून दाखविता येतो. गव्हाचे सारेच दाणे तरंगत नाहीत, काही बुडतात, हेही मुलांच्या ध्यानी येईल. ते दडवू नये.

येथे एक दक्षता घ्यावी. कोशिमाच्या शंभराव्या माकडाने ही कला शिकताच दूरच्या बेटांवरील माकडांस ती आपोआप अवगत झाली, अशी एक गोष्ट पुस्तकांतून व भाषणांतून सांगितली जाते. प्रत्यक्ष नोंदींत तिला आधार नाही. कला पसरली ती पाहून शिकल्याने, एकाकडून दुसऱ्याकडे, आणि तीही सावकाश.

३. झऱ्याचे पाणी ऊन कसे?

मुले हा प्रश्न हमखास विचारतील. उत्तर सोपे ठेवावे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते. जमिनीत जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. खोलवर तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वेगाने वर आले तर ते उष्ण झरा म्हणून प्रकट होते. जपानात ज्वालामुखींमुळे ही उष्णता वरच्या थरांतच मिळते.

महाराष्ट्रातही असे झरे आहेत. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी व गणेशपुरी, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याचे उनपदेव ही स्थाने प्रसिद्ध आहेत. वाशीमच्या मुलांस जवळचे वाटेल ते नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील उनकेश्वर; जी पैनगंगा वाशीम जिल्ह्यास स्पर्शून वाहते, तिच्याच काठी पुढे हे स्थान आहे. नकाशावर नदीच्या रेषेवरून बोट फिरवीत मुलांस तेथवर न्यावे.

वऱ्हाडचा काळा पाषाण हा एके काळचा लाव्हा आहे, म्हणून आपल्याकडील झरे त्याच्याच उष्णतेने तापतात, असा तर्क एखादा हुशार मुलगा करील. त्याच्या तर्काचे कौतुक करावे आणि सांगावे की, हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे व तो केव्हाच निवाला. आपल्या झऱ्यांस उष्णता मिळते ती खोल भूगर्भातील. खडकांतील भेगा ही तिची वाट.

४. आपले वानर

आता गावाकडे वळावे. शेलूबाजारच्या चिंचेवर बसते ते काळ्या तोंडाचे वानर. जपानी माकड हे आपल्याकडील लालतोंड्या माकडाचे नातलग. वानराचे कूळ निराळे. लालतोंड्या माकडाच्या गालांत पिशव्या असतात व त्यांत ते घाईने अन्न भरून ठेवते. वानरास अशा पिशव्या नसतात. उलट त्याच्या जठराचे कप्पे असतात आणि त्यांतील सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने ते पाला पचविते. गाय-म्हैस चारा कशी पचविते हे मुलांनी शिकलेले असतेच. तो दाखला येथे उपयोगी पडेल. कोवळा पाला, कळ्या, फुले, वड-पिंपळ-उंबराची फळे, शेंगा व बिया हा वानराचा आहार होय.

टोळीत बहुधा एक मोठा नर, त्याच्या भोवती कित्येक माद्या व त्यांची पिले असतात. काही टोळ्यांत नर एकाहून अधिक असतात. ज्यांस टोळीत स्थान नाही असे नर आपला निराळा जथा करून हिंडतात. नवजात पिलू काळपट दिसते व त्याचे तोंड फिकट असते. काही महिन्यांनी केस उजळतात आणि तोंड काळे होत जाते. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आई आपले पिलू टोळीतील दुसऱ्या माद्यांच्या हाती देते व त्या ते सांभाळतात. शेजारणीच्या कडेवर मूल देऊन आईने पाण्याला जावे, तसाच हा प्रकार. मुलांस तो चटकन दिसतो व आवडतो.

वानरे स्नान करीत नाहीत. परंतु हिवाळ्याच्या सकाळी ती झाडाच्या शेंड्यावर, घराच्या कौलांवर किंवा भिंतीवर सूर्याकडे छाती करून बसतात. जपानी माकडास ऊन पाणी, आपल्या वानरास कोवळे ऊन. थंडीवरचा उपाय दोघांनीही शोधला आहे. जपानचे माकड पाहावयास लांबचा प्रवास करावा लागतो. शेलूबाजारचे वानर पौष महिन्यात शाळेच्या भिंतीवर येऊन बसते.

भारतातील वानरांच्या अभ्यासातही जपानी अभ्यासकांचा वाटा आहे, ही माहिती शिक्षकांस असावी. क्योतो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा यांनी १९६१ ते १९६३ या काळात कर्नाटकातील धारवाडच्या परिसरात वानरांच्या टोळ्यांचे निरीक्षण केले. बाहेरच्या नरांनी टोळीवर चाल करून जुन्या नरास हुसकावले आणि त्यानंतर नव्या नराने लहान पिले मारली, हे त्यांनी नोंदविले. असे का घडते यावर पुढे दीर्घकाळ वाद झाला. हा भाग केवळ शिक्षकांसाठी आहे, वर्गात सांगण्यासाठी नव्हे. तथापि एखाद्या मुलाने असे दृश्य पाहून भेदरून प्रश्न केला, तर ‘तुला भास झाला’ असे म्हणून त्यास गप्प बसवू नये. ‘तू पाहिलेस ते खरे आहे, शास्त्रज्ञांनीही ते पाहिले आहे,’ इतके सांगून त्यास धीर द्यावा.

५. निरीक्षणाची रीत

निरीक्षण एक आठवडा चालवावे. वर्गाचे पाच-पाच मुलांचे गट करावेत. रोज सकाळी परिपाठानंतर एका गटाने शिक्षकांसह शाळेच्या आवारातूनच, टोळी दिसेल तेव्हा, पंधरा मिनिटे पाहावे. टोळी आली नाही तर वहीत ‘आज आली नाही’ असे लिहावे. तीही नोंदच आहे. प्रत्येक गटाने पुढील गोष्टी लिहाव्यात :

(अ) दिनांक, वेळ, आकाश स्वच्छ की ढगाळ.
(आ) टोळी कोणत्या झाडावर आहे; झाडाचे नाव.
(इ) एकूण किती वानरे. त्यांत मोठा नर किती, पिलू घेतलेल्या माद्या किती.
(ई) काय खात आहेत. पाला, फूल, फळ, की शेतातील पीक.
(उ) टोळी कोणत्या दिशेने आली व कोणत्या दिशेने गेली.
(ऊ) एखादे वानर खुणेवरून ओळखता येते काय. तुटकी शेपटी, फाटका कान, लंगडता पाय.

शेवटच्या प्रश्नास विशेष वेळ द्यावा. एकदा एक वानर ओळखू आले की ‘वानरे’ हा शब्द मुलांच्या मनातून मागे पडतो आणि ‘ती तुटक्या शेपटीची वानरी’ पुढे येते. नाव ठेवावयाचे असल्यास मुलांनीच ठेवावे. मात्र गावातील कोणा व्यक्तीचे नाव अथवा व्यंग त्यात येऊ देऊ नये. आठवड्याच्या अखेरीस सर्व गटांच्या नोंदी एकत्र करून फळ्यावर कोष्टक मांडावे. दोन गटांची संख्या जुळली नाही तर चुकले कोण हे ठरविण्याची घाई करू नये. संख्या का जुळली नाही, यावर चर्चा व्हावी.

६. खाऊ घालण्याविषयी

हा या पाठाचा गाभा असून तो नाजूक आहे. वानरास खाऊ घालणे हे पुष्कळ घरांतून पुण्यकर्म मानले जाते. धाराशिव जिल्ह्यातील उपळा या गावी तर ३२ एकर जमिनीची नोंद वानरांच्या नावे आहे, हे २०२२ साली वृत्तपत्रांतून सर्वत्र प्रसिद्ध झाले. या श्रद्धेची थट्टा शिक्षकाने करू नये. दुसरीकडे, ज्या मुलाच्या वडिलांची तूर, हरभरा किंवा संत्र्याची बाग वानरांनी लुटली, त्याचा रागही खरा आहे. वर्गात ही दोन्ही मुले एकाच बाकावर बसलेली असतात. दोघांचेही म्हणणे वर्गाने ऐकून घ्यावे.

त्यानंतर कारणे मांडावीत. पाला पचविणाऱ्या जठरास बिस्किटे, मिठाई व तळलेले पदार्थ मानवत नाहीत. ज्या वानरास मनुष्याच्या हातून अन्न मिळाले, त्याची मनुष्याविषयीची भीती जाते. मग ते हातातील पिशवी ओढते आणि शेवटी चावते. खाऊसाठी रस्त्याच्या कडेस येऊन बसणारे वानर वाहनाखाली सापडते. आणि ज्याने दिले तो पुढे निघून जातो, पण दुसऱ्या दिवशी टोळी येते ती गावात व गावाच्या शेतांत.

एखादा मुलगा विचारील, ‘जपानात तर माकडांना खाऊ घालूनच हे सारे कळले ना?’ प्रश्न योग्य आहे व त्यास प्रामाणिक उत्तर द्यावे. होय, कोशिमाची रताळी व नरकदरीतील अन्न ही मनुष्यानेच दिली. त्यातून ज्ञान मिळाले, पण त्याचे मोलही द्यावे लागले. अन्न मिळू लागल्यावर जपानात काही ठिकाणी टोळ्या फार वाढल्या व त्यांस आवरणे कठीण झाले. आज नरकदरीत येणाऱ्या प्रेक्षकांस माकडांना अन्न देण्याची व स्पर्श करण्याची मनाई आहे. जेथे प्राणी दिसतच नव्हता, तेथे त्यास जवळ आणण्यासाठी अन्न टाकले गेले. शेलूबाजारी वानर आपण होऊन शाळेच्या भिंतीवर येते. येथे त्याला बोलावण्याची गरजच नाही.

दगड मारण्याविषयीही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये वानरास मारणे अथवा पकडणे हा गुन्हा आहे. पिकांस उपद्रव झाल्यास वनविभागाकडे कळविणे हा मार्ग होय.

७. सावधगिरी

निरीक्षणाच्या वेळी मुलांच्या हाती व खिशात खाण्याची वस्तू असू नये. टोळीपासून निदान तीस पावले दूर उभे राहावे. आई व तिचे पिलू यांच्या मधून जाऊ नये. वानराच्या डोळ्यांत डोळे घालून टक लावून पाहू नये व दात दाखवून हसू नये. या दोन्ही कृती त्यास धमकीच्या वाटतात. वानर जवळ आल्यास पळू नये, ओरडू नये. हळूहळू मागे सरावे. विजेच्या धक्क्याने अथवा वाहनाने जखमी झालेल्या वानरास मुलांनी हात लावू नये. शिक्षकांनी वनविभागास कळवावे.

चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व मुलास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. पिसाळ रोगाची भीती असल्याने लस टोचणे आवश्यक ठरते. हळद, चुना, मिरची जखमेवर भरू नये. ही सूचना मुलांबरोबर पालकांनाही द्यावी.

८. उजळणीचे प्रश्न

१. नरकदरीतील माकडे ऊन पाण्यात उतरण्यास कशी शिकली?
२. इमोने शोधलेल्या दोन युक्त्या कोणत्या? त्या प्रथम कोणी आत्मसात केल्या?
३. वानर व लालतोंडे माकड यांतील दोन फरक सांगा.
४. आपल्या गावच्या टोळीत या आठवड्यात पिलू घेतलेल्या माद्या किती दिसल्या?
५. वानरास खाऊ न घालण्याचे कारण आपल्या आजीस कसे सांगाल?

पाचवा प्रश्न सर्वांत कठीण आहे. त्याचे उत्तर मुलांनी घरी जाऊन प्रत्यक्ष द्यावे आणि आजी काय म्हणाली ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे. आजीला ते पटले नाही, तरी बिघडत नाही. कोशिमा बेटावरही मोठ्यांपैकी थोडेच शिकले होते. पण इमोची आई शिकली.

नोंदींची वही वर्ष संपल्यावर रद्दीत टाकू नये. तिच्यावर शाळेचे नाव व वर्ष घालून ती कपाटात ठेवावी व पुढील वर्षीच्या वर्गाच्या हाती द्यावी. पाच वर्षांच्या पाच वह्या एकत्र झाल्या, तर शेलूबाजारच्या टोळीत पिले कोणत्या महिन्यांत जन्मतात, दुष्काळी वर्षी ती कोणत्या झाडांवर जगते, तुटक्या शेपटीची वानरी अजून आहे की नाही, हे त्या शाळेइतके दुसऱ्या कोणासही सांगता येणार नाही. रताळे धुणारे पिलू एका शाळाशिक्षिकेला दिसले, कारण ती रोज तेथे होती आणि रोज पाहत होती. खेड्यातील शिक्षकही रोज तेथेच असतो.